ओल्या गाळाचा रंग

"हे गटार आहे?" ठोसरनं माझा पुतळा डोळ्यांपाशी नेला आणि खो खो हसायला लागला. "गद्र्या, लेका, ही शेवयांची खीर आहे! वर चार बेदाणे टाक आणि वाढ सगळ्यांना."

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. आत मात्र अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

नऊ वर्षं झाली याला. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात नोकरी, आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद, आणि दर रविवारी सकाळी कर्वेनगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत जाऊन प्लास्टिकच्या गुंडांची मारामारी. हसायचं असेल तर हसा. आम्ही पंधरा-वीस जण होतो, सगळे बायकापोरांचे, टक्कल पडायला लागलेले. खेळ असा: भविष्यातलं एक शहर, जमिनीखाली सात मजले, मजल्यामजल्यावर टोळ्या, आणि पाण्यासाठी हाणामारी. प्रत्येकाची आपापली टोळी. एकेक गुंड निम्म्या करंगळीएवढा. तो करड्या प्लास्टिकच्या तुकड्यांत येतो. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि तयार गुंड नाण्याएवढ्या गोल चकतीवर उभा करायचा. मग त्या चकतीवर जमीन करायची. गंजका पत्रा, फुटकी फरशी, चिखल, जे काय असेल ते. त्याला आम्ही बेस म्हणायचो. पुतळा काय, कुणीही रंगवतो. रंगवणारा किती पाण्यात आहे ते बेसवर कळतं.

माझी टोळी सगळ्यांत खालच्या मजल्यावरची. शहराचं मैलापाणी जिथं उतरतं तिथं राहणारी. नाव मीच ठेवलं होतं, गाळवाले. त्यांचा म्होरक्या गटारातून वर येतोय असा मी केला होता, आणि त्याच गटाराला ठोसर खीर म्हणत होता.

दर जानेवारीत क्लबची स्पर्धा व्हायची. दोन वर्षं लागोपाठ ठोसर पहिला आणि मी दुसरा. ठोसर आयटीतला, रंग परदेशातून मागवायचा, मशीननं फवारायचा, आणि वर माझ्या खांद्यावर हात टाकून "तुझंही बरं असतं रे" म्हणायचा. त्या 'बरं'ची मला शिसारी यायची. कारखान्यात माझ्या नावावर साधा एक स्क्रूसुद्धा नव्हता. दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंगं मी नीटनेटकी करायचो, खाली सही त्यांची. जगात मला एकच गोष्ट येत होती, हे रंगवणं, आणि त्यातही दुसरा नंबर. त्या रविवारी डोकं फिरलं आणि मी चारचौघांत बोलून बसलो, "या वर्षी पहिला आलो नाही तर ब्रश मोडून टाकीन. पुन्हा या खोलीत पाय ठेवणार नाही."

"अरे वा!" ठोसर म्हणाला. "लिहून घ्या रे कुणीतरी."

झालं, अडकलो.

गटार काही जमेना. चहाचा चोथा वाळवून घातला. कॉफी घातली. रांगोळीत गोंद कालवला, वरून तपकिरी शाई सोडली, त्यावर चकचकीत वार्निश. मेधा, माझी बायको, वाटीत डोकावून म्हणाली, "हे ओट्यावरनं उचल आधी. खायचं आहे की टाकायचं, कळत नाहीये." तोच तर घोळ होता. माझी घाण खाण्यासारखी दिसत होती.

इंटरनेटवर फोटो हवे तेवढे होते, पण सगळे दुरून काढलेले, वाळल्यानंतरचे. मला हवी होती रेघ. माणूस घाणीतून वर येतो तेव्हा त्याच्या कपड्यांवर एक रेघ उमटलेली असते. रेघेखाली सगळं चमकतं, रेघेवर सगळं मलूल. ती रेघ सरळ असते की खालीवर, तिच्यात हिरवा किती, काळा किती, ओघळ कुठं थांबतो, हे बघितल्याशिवाय ब्रश पुढं सरकत नव्हता. शिवाय आमच्या स्पर्धेचा एक नियम होता. पुतळ्याशेजारी एक कागद लावायचा आणि त्यावर आपण कशाकडे बघून रंगवलं त्याचे फोटो टाचायचे. खोक्यावरच्या चित्राची नक्कल केलेली चालायची नाही. तेव्हा फोटो हवाच होता, आणि तो माझा स्वतःचा हवा होता.

आमची सोसायटी पार शहराच्या टोकाला. ड्रेनेजची लाईन तिथवर आलेली नव्हती. मैल्याची टाकी होती आणि वर्षातून एकदा टँकर बोलावून ती उपसून घ्यायची. बोलवायचं काम सेक्रेटरीचं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी टँकर आला. ड्रायव्हर हणमंतराव, आणि पाईप टाकायला किशन म्हणून एक माणूस. झाकण काढल्याबरोबर असा भपकारा आला, की दुसऱ्या मजल्यावरच्या पेंडशांनी धाडधाड खिडक्या लावून घेतल्या. मी रुमालावर अत्तर टाकून तो नाकाला लावून उभा होतो. पाऊण तास मशीन घरघरत होतं. टाकी कमरेएवढी राहिली तेव्हा टँकर भरला.

"ऱ्हायलेलं दुसऱ्या खेपंत निघंल सायेब," हणमंतराव म्हणाला.

"अहो, पण तळाला गाळ बसलाय," मी म्हणालो. "तो पाईपनं निघायचा नाही. आत उतरून ढवळावा लागेल."

गाळबिळ काही बसला नव्हता. गेल्याच वर्षी टाकी स्वच्छ उपसली होती.

"उतराय बंदी हाय सायेब. कायदा हाय."

"दोन मिनिटांचं काम आहे हो."

"ग्यास असतोय आत. माणूस जातोय."

"झाकण काढून तास होत आला. आणि कमरेएवढं तर आहे." मी किशनकडं वळलो. "काय रे, उतरतोस का?"

किशन माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा असेल. काटकुळा, गालफडं बसलेली, अंगात विटकं नारिंगी जाकीट. हणमंतरावला मी अहो म्हणत होतो आणि त्याला अरे. हे मला त्या वेळी कळलंसुद्धा नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं. त्यानं एकदा हणमंतरावकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुम्ही म्हणताय तर उतरतो," तो म्हणाला.

खिशातला फोन आणि बिडीचं बंडल त्यानं हणमंतरावकडं दिलं, चपला बाजूला काढल्या, पाईपला धरून खाली गेला. मी बांबू दिला. तो वाकून ढवळायला लागला. मी नाक दाबून काठावर.

"कायच लागंना सायेब खाली. साफ हाय."

"बरं, ये वर."

त्यानं बांबू बाहेर टाकला आणि एक हात वर केला.

"थांब!" मी म्हणालो. "तसाच थांब. हात तसाच ठेव. फोटो लागतो, सोसायटीच्या रेकॉर्डला."

तो थांबला. मी फोटो काढला.

घरी येऊन मी दोनदा आंघोळ केली. साबण लावून लावून कातडं लाल झालं. मेधा दारातून म्हणाली, "तू कशाला एवढा घासतोयस? उतरला होता दुसराच ना?"

"वास लागतो गं अंगाला," मी ओरडलो.

पुढचे पंधरा दिवस मी वेड्यासारखा रंगवत होतो. म्होरक्याचा हात खांद्यातून कापला, तापवलेल्या सुईनं वाकवला आणि वर केला, फोटोत होता तस्सा. फोटोत दोन रेघा होत्या, एक कमरेवर आणि एक छातीवर. कमरेखाली ओलं चिक्क, त्यावर छातीपर्यंत निथळत आलेलं, त्यावर कोरडं. असलं काही मला जन्मात सुचलं नसतं. काळ्यात हिरवा, हिरव्यात चिमूटभर पिवळा, खाचांत पातळ काळपट रंग सोडून तो फडक्यानं टिपायचा, मग नुसत्या ब्रशच्या टोकानं ओघळ. मोबाईलच्या पडद्यावर फोटो बोटांनी मोठा करून करून मी त्या माणसाचं तोंड बघत होतो. मिटलेले ओठ, बारीक केलेले डोळे, नाकाशेजारी एक शिंतोडा. तो शिंतोडासुद्धा मी एककेसी ब्रशनं उमटवला. पंधरा दिवस त्या तोंडाकडं बघून मला काय दिसलं? रंग दिसले. थू!

स्पर्धेच्या दिवशी ठोसर माझ्या टेबलापाशी आला. तोंडात समोसा होता. वाकला, आणि चावायचा थांबला.

"आईशप्पथ," तो म्हणाला. "गद्र्या, याला वास येतोय रे!"

मग काय, सगळा क्लब गोळा झाला. कुणी भिंग काढलं, कुणी मोबाईलचा टॉर्च मारला.

"दोन रेघा बघ! हे सुचलं कसं तुला?"

"सुचलं नाही, बघितलं," मी म्हणालो आणि टाचलेल्या फोटोवर टिचकी मारली.

"हा कोण? कुठं गाठलास?"

मी सांगितलं. चवीनं सांगितलं. टाकीत गाळ नव्हता, मी कसा थाप मारून उतरवला, रेकॉर्डला फोटो लागतो म्हणून कसा उभा केला. "सेक्रेटरी असण्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला," म्हणालो. खोली हसून हसून लोळायची बाकी राहिली. एकानं त्या फोटोचाच फोटो काढून घेतला. ठोसर म्हणाला, "मान गये. मी नसतो उतरवू शकलो." एवढं कौतुक त्यानं माझं कधीच केलं नव्हतं. मी तरंगत होतो.

परीक्षक म्हणून त्या वर्षी इनामदार बाईंना बोलावलं होतं. मुलींच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं चित्रकला शिकवलेली, पंचाहत्तरीच्या घरातली बाई. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पुतळ्यांना त्या बाहुल्या म्हणायच्या. पण नजर अशी, की ठोसरच्या पुतळ्यापुढं अर्धं मिनिटसुद्धा थांबल्या नाहीत. माझ्यापुढं खुर्ची ओढून बसल्या. भिंगातून आधी पुतळा बघितला, मग फोटो, मग पुन्हा पुतळा, मग फोटो. फोटोवरच थांबल्या.

"रेघा सुरेख पकडल्यात," बाई म्हणाल्या. "किती खोल होतं ते?"

"कमरेएवढं, बाई."

"मग ही वरची छातीवर कशी?"

"वाकून ढवळत होता ना."

"हं." भिंग पुन्हा फोटोवर आलं. "आणि हा हात वर कशाला केलाय?"

मी काहीतरी पोझ-बिझ म्हणणार होतो. बाईंनीच सांगितलं.

"वर यायला हात मागतोय हा माणूस." त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "तुम्ही तर फोटो काढत होतात. मग हात दिला कुणी?"

ठोसर समोशाच्या कागदाची घडी करायला लागला.

"हे बघा गद्रे," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, वर्गात एखादीला जवळ बोलावून विचारावं तसं विचारत होत्या. "काम उत्तम आहे. याच्या पासंगाला पुरेल असं इथं दुसरं काही नाही. पण माणसाला त्या घाणीत ताटकळत ठेवून तुम्ही हे केलं असेल, तर मी याला नंबर देणार नाही. मला किळस येईल. खरं काय ते सांगा, म्हणजे झालं."

खरं सांगायचं, म्हणजे ठोसर पहिला. खरं सांगायचं, म्हणजे त्या खोलीत पुन्हा पाय नाही, आणि सोमवारी पुन्हा दुसऱ्यांची ड्रॉइंगं. मघाशी मी काय फुशारक्या मारल्या ते वीस जणांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. एकानंही तोंड उघडलं नाही.

"मी दिला, बाई," मी म्हणालो.

"हात?"

"हो. फोटो काढला, फोन खिशात टाकला, आणि लगेच ओढून घेतला त्याला वर. शर्ट सगळा बरबटला माझा."

शर्टाचं मला कुणी विचारलेलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून आलं, आणि इतकं सहज आलं, की क्षणभर मलासुद्धा खरं वाटलं.

बाईंचा चेहरा सैल झाला. "मग ठीक आहे. शर्ट काय, धुतला की निघतो," त्या म्हणाल्या, आणि कागदावर पहिला नंबर लिहून खाली सही केली. टाळ्या झाल्या. ठोसरनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "शर्टाचं भारी होतं." बाईंनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, थोपटला. "हाताला कला आहे तुमच्या. जपा," म्हणाल्या. मी हात सोडवून घेऊन सरळ जिन्याकडं गेलो आणि खालच्या मोरीत भडाभडा ओकलो.

आता टाकीवर काय झालं ते सांगतो. मेधालासुद्धा हे माहीत नाही.

"तसाच थांब" म्हणून मी एक नाही, सात-आठ फोटो काढले. तेवढा वेळ त्याचा हात वरच होता. मी गुडघ्यावर बसलो असतो तर माझा हात पोचला असता. बसलो नाही. त्याच्या हाताला कोपरापर्यंत जे लागलं होतं ते माझ्या हाताला लागलं असतं. एवढंच कारण, दुसरं काही नाही. हात भरून आला असेल, तो त्यानं खाली घेतला आणि पाईपला धरून आपला आपणच चढायला लागला. पाईप बुळबुळीत. निम्म्यावर आला आणि हात सुटला. धपकन बसकण मारल्यासारखा आत गेला, छातीपर्यंत. तोंडावर उडालं. तोंडात गेलं.

हणमंतराव धावत आला. पालथा पडून त्यानं त्याला बखोटीला धरलं आणि वर ओढला. किशन काठावर बसून खाकरून खाकरून थुंकत होता. तोंड पुसायला त्यानं कोपर वर नेलं, तर कोपरही तसंच. मी पाच पावलं मागं सरलो होतो. आणि तिथून मी काय बघत होतो, तर त्याचं जाकीट. कमरेवर पहिली रेघ होती, आणि आता छातीवर दुसरी उमटली होती. ओली, ताजी, नुकती निथळायला लागलेली.

"आला का सायेब फोटो?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. कामाचं विचारावं तसं विचारलं.

फोटो चांगले आले होते. एकही हललेला नव्हता.

"हललाय रे," मी म्हणालो. "परत एकदा उतरतोस?"

"सायेब, येड लागलंय का तुमाला?" हणमंतराव ओरडला.

किशननं अंगणातल्या नळाकडं बघितलं, मग टाकीकडं बघितलं. उठला, पाईप धरला आणि उतरला. खाली पोचल्यावर मी सांगायच्या आत त्यानं हात वर केला.

मी या खेपेला फोन दोन्ही हातांनी धरला.